चित्रालाही बोली असते

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात सोनाळा आहे. संत सोनाजी महाराजांचं गाव. भोवती कपाशी आणि संत्र्याच्या बागा, उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचं जंगल, त्यापलीकडे मध्य प्रदेशाची हद्द. गावातून डोंगराकडे निघालं की थोड्याच अंतरावर वऱ्हाडी मागे पडते आणि कोरकू कानावर येऊ लागते. लहान मुलांच्या चित्रपुस्तकांवरचा वाद शहरात झाला, तर तो बहुधा किमतीवर नाहीतर कागदावर संपतो. सोनाळ्यात तोच वाद भाषेपर्यंत पोचतो, म्हणून तो इथे मांडला आहे.

बोलणारी दोन माणसं कल्पित आहेत. त्यांची मतं मात्र शिक्षकांच्या कुठल्याही घरात ऐकू येतील अशी आहेत. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सून डोंगराच्या बाजूच्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. विदर्भाच्या रिवाजाप्रमाणे ती सासऱ्यांना ‘मामाजी’ म्हणते. दोघांचं बोलणं वऱ्हाडी. इतर भागांतल्या वाचकांसाठी ते प्रमाण मराठीकडे थोडं झुकवलं आहे. शाळेसाठी मागवलेल्या चित्रपुस्तकांचं खोकं ओसरीवर उघडलं गेलं आणि बोलणं सुरू झालं.

गुरुजी: सूनबाई, हे पुस्तक मी उभ्या उभ्या वाचून संपवलं. पानं चोवीस आणि ओळी सगळ्या मिळून दहा-बारा. एवढ्या पैशात गोष्टींचं चांगलं जाडजूड पुस्तक आलं असतं. यात वाचायला आहे काय?

सून: ओळी वाचल्या, मामाजी. चित्रं वाचली का?

गुरुजी: पाहिली की. छान आहेत. पण माझं म्हणणं वेगळं आहे. माझ्या मायला अक्षर येत नव्हतं. रात्री दिवा मालवला की तिची गोष्ट सुरू व्हायची. राक्षस कसा दिसतो हे तिनं कधी दाखवलं नाही. आम्ही पाच भावंडं, तर आमचे राक्षसही पाच. तुमच्या पुस्तकात राक्षस छापून आला की सगळ्या वर्गाचा राक्षस एकच. चित्र म्हणजे आयतं वाढलेलं ताट. लेकराच्या डोक्याला रांधायचं कामच उरत नाही.

सून: तुमचा आक्षेप सचित्र पुस्तकाला लागू पडतो. तिथे गोष्ट शब्दांत पूर्ण असते आणि चित्र तीच पुन्हा सांगतं. चित्र काढून टाकलं तरी काही बिघडत नाही. चित्रपुस्तकात तसं चालत नाही. तिथे निम्मी गोष्ट शब्द सांगतात आणि निम्मी चित्र, आणि दोघांचं जुळवायचं काम लेकराकडे असतं.

गुरुजी: हे बोलायला सोपं आहे. एखादं उदाहरण दे.

सून: इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’ घ्या, १९६८ सालचं. रोझी नावाची कोंबडी आवारात फिरायला निघते आणि वेळेवर घरी परतते. सगळ्या पुस्तकात मिळून एकच वाक्य आहे, ३२ शब्दांचं. पण चित्रात पहिल्यापासून तिच्या मागे एक कोल्हा लागलेला असतो. तो झेप घेतो आणि दर वेळी त्याची फजिती होते. कधी दंताळ्याचा दांडा तोंडावर बसतो, कधी तो तळ्यात पडतो, शेवटी मधमाश्या मागे लागतात. आणि त्या बत्तीस शब्दांत कोल्ह्याचं नावसुद्धा नाही.

गुरुजी: नाव नाही?

सून: एकदाही नाही. वाचणारी मॅडम कोल्ह्याबद्दल बोलत नाही, कोंबडीला पत्ता नाही. माहीत आहे ते फक्त समोर बसलेल्या लेकराला. ते ओरडतं, ‘मांगं पाह्य, कोल्हा!’ आता सांगा, गोष्ट कोण सांगतंय? तुमच्या ताटात रांधायचं काम इथे लेकरानंच केलं ना?

गुरुजी: हं. ही युक्ती चांगली आहे. पण एका पुस्तकाच्या युक्तीवरून सगळ्या खोक्याचं समर्थन होत नाही.

सून: ही एका पुस्तकाची युक्ती नाही, त्या कलेची रीतच आहे. मॉरिस सेंडॅकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ सालचं. त्यात अक्राळविक्राळ प्राण्यांचा धिंगाणा सुरू होतो तेव्हा लागोपाठ तीन जोडपानांवर एक अक्षर नाही. लेखकानं तिथे मुद्दाम तोंड मिटलं. शब्द थांबले की लेकरू बोलायला लागतं.

गुरुजी: ही सगळी परमुलखातली पुस्तकं झाली. मराठीत कोण आहे?

सून: माधुरी पुरंदरे. त्या स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, म्हणून शब्दांनी कुठे गप्प बसायचं ते त्यांना नेमकं कळतं. ‘राधाचं घर’, यश नावाच्या मुलाच्या गोष्टी, ‘बाबाच्या मिश्या’. यात राजा-राणी नाहीत. रोजचं घर आहे, शेजार आहे, शाळा आहे. ‘चित्रवाचन’ तर मुलांनी चित्र पाहून बोलावं यासाठीच केलेलं. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०१६ साली टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’नं ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू केला, तेव्हा लेखनाचा पहिला मान त्यांचाच होता.

गुरुजी: माधुरीताईंची पुस्तकं मी पाहिली आहेत. ‘वाचू आनंदे’ आमच्या शाळेत होतं. उत्तम काम आहे. पण चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्याकडे नवीन नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथली ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगतात. एकेका कथेची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. एक चित्र समोर धरायचं, त्यावर गायचं, निरूपण करायचं, मग पुढचं चित्र. रामायण-महाभारतातल्या कथा अशा चालतात. ती परंपरा टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

सून: मग तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय.

गुरुजी: ऐक तर खरं. चित्रकथीचं चित्र एकटं कधी नसतं. त्याच्यामागे गाणारा माणूस बसलेला असतो. तू मागवलेल्या खोक्यात तो माणूस कुठे आहे? चित्रांची पुस्तकं वाटली की आपलं काम झालं, असं समजून मोठी माणसं मोकळी होतात. माझी भीती तिथे आहे. आज लेकराच्या हातात मोबाईल देऊन आई-बाप मोकळे होतात, उद्या पुस्तक देऊन होतील.

सून: भीती खरी आहे, पण दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. मोबाईलवरचं चित्र लेकरासाठी थांबत नाही, पुस्तकातलं थांबतं. पान कधी उलटायचं, मागे कधी जायचं, कोल्ह्याकडे किती वेळ पाहायचं, हे लेकराच्या हातात असतं. माणूस मात्र शेजारी लागतो, हे मान्य. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आई-बापांना त्यांनी पुस्तक वाचून दाखवायची वेगळी रीत शिकवली. ‘हे काय आहे?’ एवढंच विचारून थांबायचं नाही. ‘इथे काय चाललंय?’ असं विचारायचं, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालायची आणि पुन्हा त्यालाच बोलू द्यायचं. महिनाभरात ही मुलं बोलण्यात इतर मुलांच्या पुढे गेली. घरोघर पुस्तकं वाचली जातच होती. फरक पडला तो विचारण्यामुळे.

गुरुजी: यात शोध काय लागला? माझी माय गोष्ट सांगताना आम्ही हुंकार दिला नाही तर गोष्ट थांबवायची. मधेच विचारायची, ‘मंग काय झालं असंन?’ आम्ही सांगू तिकडे गोष्ट वळायची.

सून: तेच! तुमच्या मायची रीत बरोबर होती, असं त्या प्रयोगानं सिद्ध केलं म्हणा.

गुरुजी: म्हण. पण आता माझा दुसरा आक्षेप ऐक. मी तीस-पस्तीस वर्षं पहिलीला अक्षरं शिकवली. चित्राखाली ‘घर’ लिहिलं असेल तर पोट्टं चित्राकडे पाहून ‘खोपडी’ म्हणतं आणि आपल्याला वाटतं, वाचायला लागलं. अक्षराकडे त्याची नजरच जात नाही. चित्रावरून अंदाज बांधणं आणि वाचणं यात फरक आहे. चित्रांमुळे वाचनच लांबणीवर पडतं.

सून: इथे शास्त्र तुमच्या बाजूला आहे. कॅनडातल्या मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ओबँ यांनी २००५ साली लहान मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. मोठं माणूस पुस्तक वाचून दाखवत असताना मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रांकडेच पाहत होती. छापील ओळींकडे त्यांची नजर क्वचितच गेली.

गुरुजी: मग मिटलं.

सून: मिटलं नाही. अक्षरं शिकवायचं काम चित्रपुस्तकावर टाकायला नको, एवढंच त्यातून निघतं. अक्षरांसाठी अक्षरांचा तास वेगळा हवा, फळा-पाटी हवी, वर्णांचा सराव हवा. तिथे मी तुमच्याहून कडक आहे. पण अक्षर आल्यावर वाचायचं कशासाठी? पुस्तकात आपल्याला हवंसं काही असतं, हे अक्षर येण्याच्या आधी कळलेलं असलं तर मूल अक्षरामागे लागतं. एरवी बाराखडी पाठ करूनही पुस्तक उघडत नाही.

गुरुजी: आणि या दोन्हींच्या मध्ये काय? अक्षर नुकतं आलेलं पोर काय वाचणार?

सून: त्यासाठी पायरीपायरीनं वाढणारी पुस्तकं असतात. एनसीईआरटीनं २००८ साली हिंदीत ‘बरखा’ मालिका काढली. ४० छोटी पुस्तकं, चार पातळ्या. रोजच्या जगण्यातल्या गोष्टी आणि पुन्हा पुन्हा येणारी सोपी वाक्यं. चित्र तिथे आधार देतं, पण वाक्यही वाचण्याजोगं असतं. शब्द आणि वस्तू शेजारी शेजारी छापण्याची कल्पना तर फार जुनी. कोमेनियस नावाच्या शिक्षकानं १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये मुलांसाठी असं पुस्तक छापलं. चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले आणि त्याच आकड्यांनी लॅटिन आणि जर्मन शब्द जोडले.

गुरुजी: म्हणजे आपल्या अंकलिपीचे पणजोबा.

सून: हो. पण अंकलिपी आणि चित्रपुस्तक एक नव्हे. अंकलिपीतलं चित्र म्हणतं, ‘हा अननस आहे’, आणि संपतं. चित्रपुस्तकातलं चित्र विचारतं, ‘पुढे काय होईल?’

इथवर दोघांचं बोलणं शहरातल्या कुठल्याही चर्चेसारखंच होतं. ते खास सोनाळ्याचं झालं ते सुनेच्या पुढच्या बोलण्यापासून.

सून: मामाजी, माझ्या वर्गात पहिलीत जी लेकरं येतात त्यातली काही घरी कोरकू बोलतात, काही निहाली घरांतून येतात, बाकीची वऱ्हाडी. पुस्तकातलं मराठी यांपैकी एकाचीही घरची भाषा नाही. पहिल्या दिवशी मी गोष्ट सांगायला लागले तर अर्धा वर्ग माझ्या तोंडाकडे पाहत बसतो. तुमच्या मायची गोष्ट तुम्हाला कळली, कारण ती तुमच्याच भाषेत होती. माझी गोष्ट त्यांच्या भाषेत नाही. तिथे मी काय करू?

गुरुजी: भाषा शिकव.

सून: शिकवीन. पण ती शिकेपर्यंत लेकरू गप्पच बसणार का? चित्र उघडलं की सगळा वर्ग एका ठिकाणी येतो. चित्रात वाघ असेल तर प्रत्येक जण आपापल्या भाषेत वाघ म्हणतो. मी तिन्ही भाषांतले शब्द फळ्यावर लिहिते, शेजारी पुस्तकातला शब्द लिहिते. तेव्हा लेकराला पहिल्यांदा कळतं की शाळेत आपल्याही शब्दाला जागा आहे.

गुरुजी: निहाली बोलणारी माणसं आता उरली आहेत किती?

सून: सुमारे दोन हजार. आपल्या जिल्ह्यातल्या जळगाव जामोद-संग्रामपूरच्या डोंगराळ पट्ट्यातली आणि हद्दीपलीकडची धरून. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं अजून जुळलेलं नाही. कोरकूचं तसं नाही. ती मुंडा कुळातली, तिच्या बहिणी झारखंडाकडे आहेत. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात होते. पण दोन्ही भाषांमधल्या लेकरांचं पहिलं पाठ्यपुस्तक मराठीच. त्यांच्या भाषेत पुरेशी पुस्तकं होतील तेव्हा होतील. तोवर चित्र हा एकच मजकूर असा आहे की जो सगळ्यांना वाचता येतो.

गुरुजी: इथे मात्र तू चुकतेस.

सून: का?

गुरुजी: चित्र सगळ्यांना वाचता येतं, हे खरं नाही. चित्रालाही बोली असते. हे तुझं खोकं पाह्य. या पुस्तकातल्या खिडकीतून काय दिसतं? समोरची बिल्डिंग. पोरगी शाळेत कशी जाते? पिवळ्या बसनं. बाप काय करतो? लॅपटॉप उघडून बसतो. आणि हे शेत पाह्य. हिरवंगार, लाल छपराचं घर, कुंपणाला पांढऱ्या फळ्या. असं शेत संग्रामपूर तालुक्यात कुठे आहे? कपाशी नाही, वखर नाही, डवरा नाही. बैलगाडी आहे, पण ती आपल्या बंडीसारखी नाही. पुणेरी मराठी कळत नाही म्हणून तू चित्र दाखवतेस. पण हे चित्रही पुणेरीच आहे, सूनबाई.

सून: हे मात्र मी नाकारत नाही. जंगलाच्या चित्राचं तर विचारूच नका. आमच्या लेकरांनी सागाचं जंगल पाहिलंय, उन्हाळ्यात पानं झडलेलं. पुस्तकातलं जंगल बारा महिने गर्द. ‘हे जंगल नाही, बाग आहे,’ असं एका पोरानं मला ठणकावून सांगितलं.

गुरुजी: बरोबर सांगितलं त्यानं.

सून: पण मामाजी, त्यानं ते सांगितलं ना! चित्र चुकीचं होतं म्हणून तो बोलला. पाठ्यपुस्तकातलं वाक्य चुकीचं आहे, असं पहिलीतलं पोर कधी म्हणेल का? चित्राशी भांडता येतं, कारण तिथे त्याचा डोळा आपल्या डोळ्याइतकाच तयार असतो, काही वेळा आपल्याहून जास्त. आणि परकं जग अजिबात दाखवायचंच नाही का? लिफ्ट, समुद्र, बर्फ आमच्या लेकरांनी पाहायचंच नाही?

गुरुजी: पाहावं. जरूर पाहावं. पण आधी आपलं अंगण छापलेलं पाहिलं पाहिजे. ज्याचं घर कधीच पुस्तकात येत नाही, त्याला वाटतं, पुस्तक दुसऱ्यांसाठी असतं. शहरातल्या पोराला आपलं घर प्रत्येक पुस्तकात दिसतं. जंगल हा त्याच्यासाठी बदल. आमच्या पोराच्या वाट्याला नुसता बदलच येतो.

सून: पटलं. याला उत्तर आहे, फक्त ते आपल्याकडे पोचलेलं नाही. चेन्नईच्या तारा बुक्सनं भज्जू श्याम या गोंड चित्रकाराकडून ‘द लंडन जंगल बुक’ करून घेतलं. तो लंडनला गेला आणि त्याला ते शहर कसं दिसलं ते त्यानं गोंड रीतीनं रंगवलं. तुम्ही म्हणता त्या बोलीत, पण विषय परका. डहाणूकडच्या वारली चित्रकारांचीही पुस्तकं आली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा वारली चित्रं जगभर पोचलेली होती. सातपुड्याच्या या बाजूचं, संत्र्याच्या बागेचं, कापूस वेचणीचं, कोरकू घराचं पुस्तक मात्र मला या खोक्यात एकही सापडलं नाही.

गुरुजी: ते पुण्याहून येणार नाही. इथूनच जायला पाहिजे.

सून: आणि जाऊ शकतं. प्रथम बुक्स या संस्थेनं २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथली चित्रपुस्तकं मोकळ्या परवान्याची आहेत: फुकट वाचा, छापा, आपल्या भाषेत उतरवा, फक्त लेखक-चित्रकाराचं नाव द्या. एखाद्या चित्रपुस्तकाखाली कोरकू किंवा वऱ्हाडी मजकूर घालून शाळेच्या प्रिंटरवर छापायला कोणाची परवानगी लागत नाही.

गुरुजी: चित्र मात्र त्यांचंच राहणार.

सून: सुरुवातीला. मग लेकरांनाच चित्रं काढू द्यायची. संत्र्याच्या बागेत बहार कसा धरतात, हे आमच्या वर्गातल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गुरुजी: बरं, आता कपाटाचं बोलू. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात गोष्टींची पुस्तकं असावीत, असं लिहिलं. पुस्तकं आली आणि कपाटात गेली. आम्हा मुख्याध्यापकांना सगळे नावं ठेवतात की आम्ही कुलूप लावतो. पण साठा नोंदवहीवर सही कोणाची असते? एक पुस्तक कमी भरलं तर उत्तर कोण देतो? दिलेलं पुस्तक फाटून येतं. लहान पोराच्या हाताला चित्रपुस्तक लागलं की महिन्याभरात त्याचा कणा सुटतो.

सून: वह्या फाटतात, खडू संपतो, झाडू झिजतो. त्याचा कोणी जाब विचारत नाही, कारण त्या वापरायच्या वस्तू आहेत. चित्रपुस्तकही तसंच धरावं. पाच वर्षांनी कोरं करकरीत निघालेलं पुस्तक म्हणजे पाच वर्गांनी न वाचलेलं पुस्तक. फाटलेलं खर्ची टाकायची सोय वरिष्ठांनी करून द्यावी, मुख्याध्यापकांच्या खिशाला हात लावू नये. तुमची अडचण खरी आहे; तिच्यावरचा उपाय कुलूप नव्हे.

गुरुजी: तसा लेखी आदेश हाती असेल तर पुस्तकं वर्गात दोरीवर टांगायलाही कोणी मागे राहणार नाही. पण किमतीचं काय?

सून: चार रंगांची छपाई, जाड कागद, चित्रकाराचं मानधन, आणि मराठीत प्रती कमी निघतात, म्हणून किंमत चढते. खप वाढला तर ती उतरेल. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका सरकारी पैशातून निघते, त्यामुळे ती स्वस्त असते. आणि प्रत्येक घरानं विकत घ्यावं, असं माझं म्हणणंच नाही. शाळेत, अंगणवाडीत, गावच्या ग्रंथालयात दहा पुस्तकं असली तरी सबंध गावाची लेकरं त्यांवर वाढतात. शासनमान्य ग्रंथालयांना १९६७च्या कायद्याखाली अनुदान मिळतं. त्यातून कादंबऱ्या येतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं येतात. चार वर्षांच्या वाचकाचं नाव खरेदीच्या यादीत कोणी धरत नाही.

गुरुजी: चार वर्षांचा वाचक! हे ऐकायला अजून जड जातं.

सून: सरकारला जात नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला. म्हणजे अंगणवाडीतलं लेकरू आणि दुसरीतलं लेकरू एकाच जिन्यावर आहेत. पण अंगणवाडीच्या भिंतीवर चित्रं असतात, हातात मात्र पुस्तक नसतं.

गुरुजी: अंगणवाडीत पुस्तक वाचून दाखवायला कोण बसणार? सेविकेकडे आहार आहे, वजनं आहेत, नोंदी आहेत, लसीकरणाचा दिवस आहे.

सून: तुम्ही बसा.

गुरुजी: मी?

सून: मघाशी विचारलंत, गाणारा माणूस कुठे आहे? गावात निवृत्त शिक्षक आहेत, हुंकार घेत गोष्ट सांगणाऱ्या आज्या आहेत, कोरकू बोलणारे आजोबा आहेत. यांच्यातल्या काहींना वाचता येत नसलं तरी चित्र दाखवून गोष्ट सांगता येते. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ नीलेश निमकर यांनी २००७ साली ‘क्वेस्ट’ ही संस्था काढली. त्यांच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात तरुण कलाकार आदिवासी शाळांमध्ये मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी नाटकासारख्या करून दाखवतात. नंतर मुलं ते पुस्तक शोधत जातात. म्हणजे तुमची चित्रकथीच झाली की.

गुरुजी: पण एक अट. मी पुस्तकातल्या ओळी जशाच्या तशा वाचणार नाही. चित्र दाखवीन आणि आपल्या बोलीत सांगेन.

सून: ती अट नाही, तीच खरी रीत आहे. मग एकदा पुस्तकातल्या ओळीही वाचून दाखवा. दोन्ही ऐकलेलं लेकरू दोन्ही शिकेल.

दोघांचे काही मतभेद राहिलेच. बिनचित्रांची गोष्ट श्रेष्ठ, हे गुरुजींनी शेवटपर्यंत सोडलं नाही. परकं चित्रही लेकराला बोलतं करतं, यावर सून ठाम राहिली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि मुलांना दोन्ही मिळायला हरकत नाही: अंधारातली गोष्टही आणि उजेडातलं पुस्तकही.

माझ्या मते या वादातलं सगळ्यात मोलाचं वाक्य गुरुजींचं आहे: ‘चित्रालाही बोली असते.’ चित्र ही जगाची सामायिक भाषा आहे, असं आपण सहज म्हणून जातो. पण कुठलंही चित्र कुठल्या तरी अंगणात उभं राहून काढलेलं असतं. म्हणून मुलांसाठी पुस्तक निवडताना किंमत आणि कागद पाहण्याआधी चित्रातलं जग कोणाचं आहे ते पाहावं. दहा पुस्तकं घेतली तर त्यांतली निदान तीन-चार अशी असावीत की ज्यात मुलाला आपलं घर, आपलं शेत, आपली माणसं ओळखू येतील. तशी मिळत नसतील तर तो दोष मुलाचा नाही, आपल्या प्रकाशन व्यवहाराचा आहे. वऱ्हाडात चित्रकार आहेत, कवी आहेत, शिक्षक आहेत. संत्र्याची बाग, कोरकू घर आणि सातपुड्याचं उन्हाळी जंगल दाखवणारी मराठी चित्रपुस्तकं त्यांनी करावीत आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनी ती मागून घ्यावीत.

तोवर जी पुस्तकं शाळेत आली आहेत, ती कपाटाबाहेर काढावीत. वाचून दाखवायला बसणाऱ्यानं पान उघडून लेकराला विचारावं, ‘तुला इथं काय दिसतं?’ आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत पान उलटू नये.